आधी गळ्यातलं काढायचं सोड

अण्णा, खेळाच्या खोलीतल्या सामानाची यादी पूर्ण केली. प्राचार्यांनी ते काम मला दिलं, कारण कॉलेजात यादी म्हटलं की माझंच नाव निघतं, आणि हे सगळ्यांच्या डोक्यात तुम्हीच भरवून ठेवलं होतं. व्हॉलीबॉलची जाळी, फाटकी. भाले, त्यातला एक वाकलेला. मोजपट्टी, सुरुवातीचा तुकडा तुटलेला. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पोरांच्या लांब उड्या नेमक्या कुठून मोजत होता, देव जाणे. फक्कीची बादली. हवा गेलेले फुटबॉल. प्रत्येक वस्तूपुढे शेऱ्याचा रकाना आहे: चालू, नादुरुस्त, बाद. सगळे शेरे लिहून झाले. एका ओळीपुढचा रकाना मात्र कोरा ठेवावा लागला. ‘शिट्टी, एक, काळ्या दोरीसकट.’

शोकसभेत तुमच्याबद्दल सगळं बोलून झालं. जन्म मंठाळचा, शिक्षण याच भालकीच्या कॉलेजात, नोकरीही इथंच, जिंकलेले कप कपाटात. मी सूत्रसंचालन केलं, प्रत्येकाला वेळ आखून दिली आणि स्वतः बोललो नाही. मला जे बोलायचं होतं ते त्या सभेत बसणारं नव्हतं. ते हॉस्टेलच्या खिडक्यांतल्या खिळ्यांबद्दल होतं.

मी नवा वार्डन झालो होतो तेव्हाची गोष्ट. दुपारी खोल्या तपासत फिरायचो. नळ गळतोय का, दिवा चालू राहिलाय का, कपडे वाळत कुठं घातलेत. काही खोल्यांत खिडकीशेजारच्या खिळ्याला चांदीची करडगी लटकलेली दिसायची. करडगी म्हणजे इष्टलिंग ठेवायची डबी, दोऱ्यानं गळ्यात घालायची. आमच्या घरी लिंग नाही. आमचे आजोबा मेंढरं राखायचे, आम्ही धनगर. पण वाढलो लिंगायतांच्या शेजारात, त्यामुळे एवढं माहीत होतं की ते अंगावरून कधी उतरवत नाहीत. आंघोळीलाही नाही, झोपतानाही नाही. मग भर दुपारी खिळ्याला कशाला? चार-सहा दिवस लक्ष ठेवलं. त्याच खोल्या, त्याच वेळा, आणि ज्याची करडगी खिळ्याला तो खोलीत नाही.

या नोंदींचा कागद घेऊन मी तुमच्या खेळाच्या खोलीत आलो. तुम्ही बॉलला पंप मारत होता.

‘अण्णा, पोरं लिंग खिळ्याला अडकवून कुठं जायलेत?’

‘कुठल्या टायमाला?’

‘जेवण झाल्यावर. परत चारच्या सुमाराला.’

तुमच्या हातातला पंप खाली पडला इतके तुम्ही हसलात. ‘वार्डनसाहेब, तुमी सीआयडीत पायजे हुता. गेटभायेर चहाच्या टपरीमागं जाऊन बगा. सगळे एका जागी सापडतेत.’

‘सिगरेट?’

‘मग काय पूजा करायलेत?’

मग तुम्ही पंप उचलून बाजूला ठेवलात. उठून दार लोटलंत. दारामागं भिंतीत एक गंजका खिळा होता. त्यावर बोट ठेवून म्हणालात, ‘ह्यो माझा.’

कॉलेजला असल्यापासून तुम्ही ओढत होता, हे मला त्या दिवशी कळलं. आधी बिडी, मग पगार सुरू झाल्यावर सिगरेट. खेळाचे मास्तर असून ओढत होता. पोरांना पळायला लावून इथं दाराआड उभे राहायचात. आणि प्रत्येक वेळी आधी लिंग काढून खिळ्याला. ‘देवाला धूर लागू न्हाई, म्हनून,’ तुम्ही म्हणालात. ‘आमाला वाटायचं, आमी लई मान राखायलोय.’

मग आईची गोष्ट सांगितलीत. एकदा घाईत मंठाळची बस धरलीत आणि करडगी खिळ्यालाच राहिली. घरी जाऊन आईच्या पायावर डोकं ठेवायला वाकलात, शर्टाचं बटण उघडं होतं. म्हातारीला मोकळा गळा दिसला.

‘लिंग कुठाय?’

हरवलं म्हणावं तर खोटं, आणि खरं सांगावं तर कसं सांगावं?

ती म्हणाली, ‘बिडी वढतूस ते मला ठाव हाय रे. कपडे मीच धुत हुते की. वढणारं पोरगं बी माझंच हाय. पर लिंग कामून काढलास? त्याच्यापासून लपलास तर मग तुला बगणार कोण?’

सिगरेट त्या दिवशी सुटली नाही, हे तुम्ही मला बजावून सांगितलंत. सुटलं ते लिंग काढणं. गळ्यात ठेवूनच ओढायची, असं ठरवलंत. पहिल्या दिवशी अर्धी ओढून टाकलीत. मग कधी पूर्ण, कधी पाव. ‘हात वर जायचा आन् छातीवर वजन लागायचं. लई नको झालं राव.’ वर्ष उलटून गेलं आणि एक दिवस लक्षात आलं, की खिशात पाकीट नाही आणि ते घ्यायचं आपण विसरलोय.

हॉस्टेलच्या पोरांना तुम्ही जे सांगायचात ते असं तयार झालं होतं. सिगरेटचं नंतर बघू. आधी गळ्यातलं काढायचं सोड.

मला ते पटलं नव्हतं, अण्णा. पटलं नव्हतं हे तुम्हाला रोज सांगत होतो, त्यामुळे आज नवं काही उघड करत नाहीये. मी पोरांसाठी शपथेचा कागद छापून आणला होता. नाव, वर्ग, सही, पालकांची सही. तुम्ही तो वाचलात, चार घड्या घातल्यात आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलात.

‘शपथ घेतलेलं पोरगं मोडली की तुमच्याकडं येत न्हाई, साहेब. तोंड चुकवतंय. मला पोरगं परत यायला पायजे.’

ते टेबल अजून हलत नाही. यादीत शेरा लिहिलाय: चालू.

शपथ गेली तरी नियमांची यादी मी सोडली नाही. तलफ आली की बसून राहायचं नाही, ग्राउंडला चक्कर मारायची. एकटं मारायची नाही, प्रत्येकाची जोडी ठरलेली. चारचा चहा हॉस्टेलच्या मेसमध्ये, टपरीवर नाही. तोंडाला काहीतरी चाळा. तुम्ही म्हणायचात, ‘ही यादी वाचून हुईपर्यंत पोरगं दोन वढून येतंय.’ पण चाळ्याची सोय तुम्हीच केलीत. हंगामात मंठाळहून मोटारसायकलवर उसाची मोळी बांधून आणायचात, करवे तोडून पोरांच्या पुढ्यात टाकायचात. उसाचा करवा सोलायला दोन्ही हात लागतात, दात लागतात, वेळ लागतो. सिगरेट धरायला हात मोकळा राहत नाही. गुरुवारी संध्याकाळी ग्राउंडच्या पायऱ्यांवर आपली बैठक बसायची आणि सगळीकडे चोथा. झाडणाऱ्या काशव्वानं एकदा माझ्यापुढे झाडू आपटला होता. ‘सर, थोटकं बरी हुती! ती येचायला तर येत हुती!’

आपलं भांडण व्हायचं ते तुमच्या त्या एका वाक्यावरून. ते फक्त लिंग घालणाऱ्यांना लागू पडतं, हे माझं म्हणणं. बाकीच्यांनी काय काढायचं सोडायचं? तुम्ही म्हणायचात, प्रत्येक जण काही ना काही काढतोच, विचारून बघा. मग एका गुरुवारी विचारलंत.

इरफान म्हणाला, ‘मैं टोपी खिशात घालतो, सर.’

दुसरा एक जण लाजत म्हणाला की मोबाइलवर आईचा फोटो आहे, तो फोन आधी पालथा ठेवतो. पोरांनी त्याची खूप थट्टा केली. ‘आई काय फोनातून बगायलीय का बे?’

तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. तेवढ्यात पायरीच्या टोकावरून नागनाथ बोलला, ‘सर, माझ्याकडं काढायला कायबी न्हाई. मी बिनधास्त वढतो.’ मोठा हशा पिकला. या खेपेला भुवया मी उडवल्या.

नागनाथ औरादकडचा, आमच्यातलाच. घरी मेंढरं होती, आता वडील रोजानं जातात. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. लांब पल्ल्याचा असा पळणारा तुम्हाला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता, हे तुमचेच शब्द. त्याला पोलीस भरतीत उतरायचंय. लेखी तो काढेल, ते मी बघतो. पण पळायला श्वास लागतो, आणि हॉस्टेलला आल्यापासून तो ओढतोय. शेवटच्या चकरीला त्याची छाती वाजायला लागते, हे तुम्ही मला ग्राउंडच्या कडेला उभं करून ऐकवलं होतंत. ‘ऐका. ह्या आवाजावर त्याची नोकरी अडकल्या.’

आपण दोघांनी त्याच्यावर आपापली औषधं चालवली. माझ्या यादीनं तो आठवडाभर टिकायचा, मग टपरी. तुमच्या वाक्याला तर त्याच्याकडे जागाच नव्हती. शुक्रवारी स्टाफरूममध्ये मी तुम्हाला पुन्हा छेडलं. ‘अण्णा, कबूल करा. तुमचं वाक्य लिंगवाल्यांचं. आमच्या धनगराच्या पोराच्या गळ्यात काय हाय, जे त्यानं काढायचं न्हाई?’

तुम्ही चहाचा कप ठेवलात. ‘हाय माझ्याकडं उत्तर. सोमवारी सांगतो.’

‘आत्ता सांगा की.’

‘साकप्पा, साक,’ तुम्ही कानडीवर आलात. ‘पुरे. शनिवार-रविवार जरा इचार करू द्या. तुमच्यासारखी यादी तयार नसती माझी.’

रविवारी सकाळी तुम्ही गेलात.

‘ह्यांच्या छातीत दुखायलंय,’ म्हणून नीलाअक्कांनी तुमच्या घरून फोन केला, मी गाडी काढली, बीदरला पोचेपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलत होता. त्यातही वाद नव्हता. ग्राउंडवर सोमवारसाठी फक्कीच्या रेघा मारायच्या राहिल्यात, एवढंच म्हणालात. दवाखान्यात डॉक्टरांनी नंतर विचारलं, सिगरेट? मी म्हणालो, सोडून खूप वर्षं झाली. ते म्हणाले, ‘सोडली नसती तर कदाचित यांना याच्या कितीतरी आधी आणावं लागलं असतं. पण आधीचं सगळंच भरून निघतं असं नाही.’ साधा, सरळ माणूस होता. त्यांनी जे सांगितलं ते मी मनात जपून ठेवलं, पोरांना सांगायला.

मंठाळला तुमच्या शेतात तुम्हाला बसवलं. तुमच्यात आडवं ठेवत नाहीत, बसलेल्या माणसासारखं बसवतात. विभूती लावली, बेलाची पानं वाहिली, आणि स्वामींनी तुमच्या डाव्या तळहातावर तुमचं इष्टलिंग करडगीसकट ठेवलं. मी वाकून बघितलं. चांदीवरचा तो पोचा मी ओळखतो. तुम्ही मोटारसायकलवरून पडला होता तेव्हाचा. कधीकाळी खिळ्याला टांगलेली ती करडगी शेवटी तुमच्याबरोबरच गेली. म्हातारी असती तर तिला बरं वाटलं असतं, असं वाटून गेलं. मग माती लोटायला मीही हात लावला.

पोरं जीपमधून आली होती. माती झाल्यावर ती बांधावर बसली होती. मी पाणी देत फिरत होतो, आणि नागनाथचा आवाज कानावर आला.

‘सरांनी सोडली, तरी गेलेच की. मग आमी कामून मरमर करायची?’

‘चूप बैठ बे,’ इरफान म्हणाला. ‘जागा तरी बग.’

‘चूप कामून? खोटं हाय का?’

मी पुढे झालो आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नीट सांगितलं. हजेरीची सूचना ऐकतात तशी पोरांनी ते ऐकलं. नागनाथ मान खाली घालून बांधावरचं गवत उपटत राहिला. त्याचे डोळे लाल होते. आमच्या सगळ्यांत तो तुमच्यावर जास्त चिडला होता, अण्णा. भरतीला घेऊन जातो म्हणाला होतात त्याला.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी बैठकीला एकटा इरफान आला. पायऱ्यांवर थोडा वेळ बसला, उठताना म्हणाला, ‘सर, टपरीमागं आज लई गर्दी हाय.’

मला जे सुचतं ते मी केलं, म्हणजे काम वाटून दिलं. नवा मास्तर येईपर्यंत सकाळचा सराव कोण घेणार? शेवटच्या वर्षातला, पळणारा, ग्राउंडची माहिती असलेला: नागनाथ. नीलाअक्का तुमच्या खोलीच्या चाव्या द्यायला आल्या होत्या तेव्हा शिट्टीही घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘ही कॉलेजची न्हाई, त्यांची हाय. पर घरात ठिवून मी काय करू? घरात कोण पळणार हाय? कुणाला तर वाजवू द्या.’ मी ती सवयीनं यादीत लिहिली आणि नागनाथच्या हातात दिली. यापेक्षा जास्त काही डोक्यात नव्हतं. तुम्ही म्हणाला असतात की वार्डनसाहेब, खोटं बोलू नका. पण खरंच नव्हतं.

त्यानं ती काळी दोरी गळ्यात घातली. दोन-तीन सकाळी सराव झाला. बरा झाला. पोरांना तो तुमच्यासारख्या शिव्या देत नाही, लाजतो.

आणि काल चारच्या सुमाराला मी खोल्या तपासत फिरत होतो. नागनाथच्या खोलीचं दार उघडं. दिवा बंद, नळ बंद, सगळं ठीक. बाहेर पडताना खिडकीकडे लक्ष गेलं. खिडकीशेजारच्या खिळ्याला तुमची शिट्टी लटकत होती.

मी तिथंच त्याच्या खाटेवर बसलो, अण्णा. राग यायला हवा होता. पोरगं टपरीमागं गेलंय हे कळायला सीआयडीची गरज नव्हती. पण मला ऐकू येत होता तो स्टाफरूममधला तुमचा आवाज. सोमवारी सांगतो. तुमच्याकडे काय उत्तर होतं ते मला कधीच कळणार नाही. कदाचित काहीच नसेल. वेळ मारून नेण्यात तुम्ही पटाईत होता. पण वाद तुम्ही जिंकलात, एवढं त्या खिळ्याकडे बघून मला मान्य करावं लागलं. पोराच्या गळ्यात काही नव्हतं तोवर तो बिनधास्त ओढत होता. गळ्यात काहीतरी आलं आणि पहिल्यांदा त्यानं ते काढून ठेवलं.

तो आला. बडीशेप चघळत होता. मला बघून दारातच थबकला.

‘सर, ते... जरा गेटपतुर गेलो हुतो.’

‘वास येतोय. राहू दे. शिट्टी कामून काढलास?’

तो खिळ्याकडे बघत राहिला. ‘सरांची हाय ती. तोंडात धरावी लागती. वास बसंल की तिला.’

देवाला धूर लागू न्हाई, म्हनून. हुबेहूब तेच. त्याला ती दारामागच्या खिळ्याची गोष्ट माहीत नव्हती, म्हणून सांगितली. तुमची आई, मोकळा गळा, सगळं. तुम्ही असतात तर तिखटमीठ लावून सांगितली असतीत. मी क्रमानं सांगितली. तो खाली फरशीवर बसून ऐकत होता.

मग त्यानं बांधावरचाच प्रश्न विचारला, आता हळू आवाजात. ‘पर सर, सोडून बी गेलेच की ते.’

या वेळी मला डॉक्टर आठवले नाहीत. ‘नागनाथ, अण्णांनी मरायचं न्हाई म्हणून सोडली नव्हती. लपायचा कंटाळा आला म्हणून सोडली. कुणापासून लपावं लागत न्हाई अशी किती वर्षं जगले ते, तू बगितलास की.’

मी उठलो, खिळ्यावरून शिट्टी काढून त्याच्यापुढे धरली आणि तुमचं वाक्य बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तुम्ही समोर नसताना.

‘सिगरेटचं नंतर बगू. आधी गळ्यातलं काढायचं सोड.’

‘म्हंजी घालून वढली तर चालतंय?’

‘वढून बग.’

त्यानं शिट्टी शर्टाला पुसली, काळी दोरी गळ्यात घातली आणि माझी नजर चुकवत म्हणाला, ‘उद्या चारला तुमी मोकळे हाव का, सर? माझ्या जोडीदारानं टपरी धरल्या. चक्कर मारायला कोण न्हाई.’

मोकळा आहे, म्हणालो. नसतो, पण वेळ काढता येतो.

त्यानं सोडली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पुढच्या गुरुवारी पायऱ्यांवर किती पोरं असतील, तेही माहीत नाही. भरतीचं पळणं अजून व्हायचंय. मोळी बांधून ऊस आणायला आता मलाच मंठाळला जावं लागेल, आणि नंतर काशव्वाच्या शिव्या खाव्या लागतील. कामं पुष्कळ आहेत. तुमचं वाक्य मी नियमांच्या यादीत घातलंय, सगळ्यांत वर. तुम्हाला हे आवडलं नसतं, पण आता तुम्ही कागदाच्या घड्या घालू शकत नाही.

आज सकाळी मी हॉस्टेलच्या ऑफिसात बसलो होतो. ग्राउंडवरून शिट्टी ऐकू आली. पहिली फुसकी, अर्धी. कुणीतरी हसलं. मग दुसरी, लांब, पार गेटपर्यंत जाईल अशी.

मी कपाटातून सामानाची यादी काढली आणि त्या कोऱ्या रकान्यात शेरा लिहिला: वापरात.